पंप शेंड्यावर, पाणी मुळाशी

डोंबिवलीतल्या कुठल्याही जुन्या चार मजली इमारतीत पाण्याचा पंप तळमजल्यावर, जमिनीखालच्या टाकीला खेटून बसवलेला असतो. तो गच्चीवर का नसतो? कारण वरून कितीही जोर लावला तरी साधा पंप पाणी साधारण १०.३ मीटरच्या वर ओढू शकत नाही. हवेच्या दाबाचा आधार तेवढाच. म्हणून पंप खाली ठेवायचा आणि पाणी वर ढकलायचं. त्याच कंपाउंडमधला नारळ मात्र याच्या अगदी उलट वागतो. त्याचा पंप झावळ्यांत, सगळ्यात वर आहे, आणि तो पंधरा-वीस मीटर उंचीवर पाणी सहज चढवतो. वीज लागते ती फक्त उन्हाची.

पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, दिवसा पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, त्यामुळे वरचा एक निघाला की खालची सगळी रांग वर सरकते, ती थेट मुळांपर्यंत. कॅलिफोर्नियातला ‘हायपेरियन’ हा रेडवूड वृक्ष याच युक्तीने जवळजवळ ११६ मीटर उंचीवर पाणी पोचवतो. आणि मुळांनी शोषलेल्या पाण्यापैकी झाड स्वतःसाठी ठेवतं किती? शंभरातले जेमतेम दोन-तीन भाग. बाकीचं सगळं हवेत.

मेल्यावर कामाला लागणाऱ्या पेशी

पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांना जलवाहिन्या म्हणतात, आणि त्या मृत पेशींच्या असतात. पेशी आधी आपल्या भिंती जाड करते, मग मरते, आतून रिकामी होते आणि तेव्हाच नळी म्हणून कामाला लागते. ही गोष्ट शाळेत एका ओळीत उरकली जाते, पण ती फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या लायकीची आहे.

पाणी चढतं ते या मृत नळ्यांतल्या ओढीने की जिवंत पेशींच्या जोराने, यावरून शास्त्रज्ञांत मोठा वादही झाला. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये ‘पान ओढतं’ हा सिद्धांत मांडला. आपल्या जगदीशचंद्र बोस यांना तो पटला नव्हता. खोडातल्या जिवंत पेशी स्पंदन करत पाणी वर ढकलतात, असं त्यांचं मत होतं आणि १९२३ मध्ये त्यांनी त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. पण त्याच्या कितीतरी आधी जर्मनीत स्ट्रासबुर्गर यांनी झाडांना विषारी द्रावण पाजून पाहिलं होतं. खोडातल्या पेशी मेल्या, तरी पाणी चढतच राहिलं. निकाल पानांच्या बाजूने लागला. तरीही वनस्पतींची सूक्ष्म हालचाल मोजायला बोसांनी जी यंत्रं घडवली, त्यांच्यापुढे मान झुकवावीच लागते.

तेरडा: पारदर्शक खोडाचा गुरुजी

तेरड्याचा रंग तीन दिवस, हे खरंच. पण त्याच्या खोडातला रंग अर्ध्या-एक तासात दिसतो. येऊरच्या वाटेवर किंवा मलंगगडाच्या पायथ्याशी पावसाळ्यात उगवणारा तेरडा मुळासकट उपटा, मुळं धुवा आणि लाल शाईच्या पाण्यात उभा करा. खोड इतकं नितळ असतं की चढत जाणाऱ्या लाल रेघा बाहेरून दिसतात. गौरीला तेरड्याची रोपं मुळांसकट घरी आणतात, ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. पाण्याचा प्रवास तिथूनच सुरू होतो!

कल्याणच्या फुलबाजारातून निशिगंधाच्या काड्या आणल्यात, तर हेच ज्ञान कामी येतं. काडी कापताक्षणी वरची ओढ थांबत नाही, त्यामुळे कापलेल्या तोंडातून नळ्यांत हवा शिरते आणि रांग तुटते. घरी आल्यावर काडीचं टोक पाण्यात बुडवून, पाण्याखालीच बोटभर कापा. फुलं जास्त टिकतात.

खाडीतला चमत्कार

ठाण्याहून कळव्याकडे जाताना लोकल खाडीवर आली की मोबाइल खाली ठेवावा आणि खिडकीबाहेर बघावं. काठावरची ती गच्च हिरवी झाडी म्हणजे मुख्यतः तिवर. ती खाऱ्या पाण्यात उभी राहून गोडं पाणी पितात. समुद्राचं पाणी मीठ मागे ठेवून ओढायचं तर किमान पंचवीस वातावरणांइतका जोर लागतो. तिवरांत तो असतो का?

पेर स्कोलँडर नावाच्या शास्त्रज्ञाने ते मोजलं. फांदीचा तुकडा दाबाच्या भांड्यात ठेवायचा, कापलेलं तोंड बाहेर काढायचं आणि आतला दाब वाढवत न्यायचा. तोंडाशी रस उमटला की तो दाब म्हणजेच झाडातली ओढ. (उंच झाडांच्या शेंड्यावरच्या डहाळ्या मिळवायला त्याच्या चमूने चक्क बंदुकीने नेम धरून त्या पाडल्या होत्या!) १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या मोजणीत तिवरासारख्या खारफुटी झाडांतली ओढ पस्तीस ते साठ वातावरणांच्या घरात निघाली. म्हणजे गरजेहून जास्तच.

तिवराची मुळं बहुतेक मीठ दारातच अडवतात. जे थोडं आत शिरतं ते पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. कोरड्या दिवशी पान जिभेला लावलं तर खारट लागतं, कधी कधी मिठाचे कण डोळ्यांनाही दिसतात. चिखलातून वर आलेली टोकदार मुळं पाण्यासाठी नसतात, ती श्वास घ्यायला असतात. पांढरी चिपी या तिवराच्या शेजारणीला २०२० मध्ये महाराष्ट्राने राज्य कांदळवृक्षाचा मान दिला, आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. मला विचाराल तर खाडीतले फ्लेमिंगो बघायला होते तेवढीच गर्दी या झाडांसमोरही व्हायला हवी.

तहानलेलं रोप बोलतं

मे महिन्याच्या दुपारी ग्रिलमधल्या कुंडीतलं टोमॅटोचं रोप कोमेजतं, तेव्हा ओढ इतकी वाढते की काही नळ्यांत बुडबुडे फुटतात. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशा तहानलेल्या टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांचे ‘टक्’ असे आवाज पकडले. तासाला तीस ते पन्नास! पाणी मिळालेल्या रोपातून सरासरी तासाला एकाहूनही कमी. आपल्या कानांच्या पट्टीबाहेरचे आहेत, म्हणून ऐकू येत नाहीत.

जिथे खालून ढकललं जातं

अळूची पानं पावसाळ्यात पहाटे टोकाशी थेंब धरून असतात. ते दव नव्हे. रात्री पर्णरंध्रं मिटलेली, वरची ओढ थांबलेली, पण मुळं खालून पाणी लोटतच असतात, ते पानाच्या टोकावरच्या खास छिद्रांतून बाहेर येतं. हा जोर छोट्या रोपांनाच पुरतो, नारळाला नाही.

नीरा ही तर वेगळ्याच नळीची. ताडाच्या फुलोऱ्याला छेद दिला की झरते ती पानांत तयार झालेली साखर वाहून नेणाऱ्या जिवंत नळ्यांतून, आणि या नळ्यांत ओढ नसते, दाब असतो. मावा कीड याच नळीत सोंड खुपसते आणि दाबामुळे रस आपोआप तिच्या तोंडात येतो. जास्तीची साखर ती खाली सोडते. झाडाखाली लावलेली गाडी चिकट होते ती बहुधा अशाच किडींमुळे.

येऊरचे पाणीसाठे

खोलवर भेगाळलेल्या काळपट सालीचा ‘ऐन’ हा वृक्ष येऊरला सहज दिसतो. याच्या खोडात कधी कधी इतकं पाणी साठतं की साल छेदली तर धार लागते. आंध्रच्या पापिकोंडा राष्ट्रीय उद्यानात वनाधिकाऱ्यांनी २०२४ मध्ये हे करून दाखवलं. येऊरला मात्र कोयता नेऊ नका, नुसतं बघा.

उन्हाळ्याच्या तोंडावर काटेसावर, पळस पानं गाळतात. ओढणारी पानंच गेली की खोड हळूहळू पुन्हा पाण्याने भरतं, आणि त्या साठ्यावर ही झाडं निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. कित्येक झाडांना पालवीही पहिल्या सरीच्या आधीच फुटते. मार्चमध्ये कुसुमाच्या झाडाची लालबुंद पालवी बघायला जायचं असेल तर सकाळी लवकर निघा, दुपारी येऊरला सावली कमीच असते.