सात फटी, नऊ फटी

रांजणगावच्या महागणपतीला गेलात की बरोबरचा एखादा जाणता माणूस हळूच सांगतो, "ही दिसते ती मूळ मूर्ती नव्हे बरं का. मूळची तळघरात आहे. दहा सोंडा, वीस हात." परचक्राच्या भीतीनं ती खाली ठेवली, अशी आख्यायिका. तळघरातलं कुणी पाहिलेलं नाही आणि त्यावाचून कुणाचं दर्शनही अडलेलं नाही. देवाचं ते ठीक. पण याच रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत फियाटचा कारखाना आहे, २०१७पासून तिथं जीप कंपास तयार होते, आणि तिथून न्हावऱ्यावरून केडगाव-चौफुल्याकडे, म्हणजे दौंडच्या उसात उतरलात, तर एखाद्या गुऱ्हाळामागं ताडपत्रीखाली जुनी जीप दिसू शकते. तिच्या बाबतीत 'मूळची' हा एक शब्द लाखांचा फरक पाडतो. म्हणूनच तो शब्द बनवून विकला जातो.

जुन्या मोटारींची बनवेगिरी म्हटलं की डोळ्यांपुढं संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस येतात. आपल्या भागात विषय जीपपासून सुरू करावा लागतो. एका अंगाला नगरचं रणगाड्यांचं लष्करी केंद्र, दुसऱ्या अंगाला खडकीचा डेपो, आणि मधे काळ्या मातीचे रस्ते. लष्करानं लिलावात काढलेली 'डिस्पोजल'ची जीप शेतकऱ्याला परवडायची. तिनं उसाचं बेणं वाहिलं, वऱ्हाडं नेली, वडाप केलं. दुसऱ्या महायुद्धात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. महिंद्रानं १९४७मध्ये विलिजच्या जीपा मुंबईत जोडायला घेतल्या आणि पुढं उंच बोनेटची सीजे-३बी देशभर पोचवली. उंच बोनेट हौसेखातर नव्हतं. आतलं इंजिनच उंच होतं.

आज हौशी गिऱ्हाइकाला हवी असते युद्धातली, म्हणजे बुटक्या बोनेटची. बाजारात तिला 'लो बोनेट' म्हणतात. मग सीजे-३बीच्या किंवा त्याहून पुढच्या महिंद्राच्या चासीवर नव्या पत्र्याची बुटकी बॉडी चढते, ऑलिव्ह रंग मारला जातो, बोनेटवर पांढरा तारा उमटतो आणि गाडी '१९४२'ची होते. लबाडी पकडायला पहिला मुद्दा सोपा आहे: युद्धकाळातल्या पत्रा ठोकून केलेल्या जाळीला नऊ उभ्या फटी असत, नागरी जीपेला सात. पण नऊ फटींची जाळी नवी करून मिळते, त्यामुळं फटी मोजून थांबणारा माणूस हमखास फसतो. दुसरा मुद्दा स्टिअरिंगचा. युद्धातल्या या जीपा डाव्या हाताच्या होत्या. उजव्या हाताची 'जशीच्या तशी युद्धातली' जीप कुणी दाखवली तर चहा प्यावा आणि निघावं. तिसरा मुद्दा लोखंडात आहे. विलिजचा चासी नंबर रिबिटांनी बसवलेल्या पाटीवर असे, फोर्डनं तो थेट चासीच्या लोखंडावर ठोकला. फोर्डनं तर बोल्टांच्या डोक्यांवरसुद्धा स्वतःचं 'एफ' उमटवलं होतं. पाटी करणं सोपं, म्हणून बनावट जीपा बहुधा विलिज म्हणून जन्माला येतात. जगभरात अशा नव्या पाट्या उघडपणे विकल्या जातात. जीर्णोद्धार करणाऱ्याला त्या खरोखरच लागतात. पाटी तीच, कुणाच्या हातात आहे त्यावर सगळं.

ठोकलेल्या नंबराची गंमत वेगळी. ग्राइंडर मारून तो गुळगुळीत करता येतो, पण पंचाचा दाब लोखंडात दिसतो त्यापेक्षा खोल गेलेला असतो. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत आम्लाचं द्रावण लावलं की पुसलेले आकडे भुतासारखे वर येतात. म्हणून तयारीचा लबाड नंबर पुसतच नाही. तो चासीचा तेवढा तुकडाच कापून दुसऱ्या गाडीत वेल्ड करतो आणि वरून लांबी भरतो.

त्याहून सरळ धंदा कागदाचा. गाडी भंगारात गेली की १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावं, असं १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं. भंगारवाल्याकडं गाडी जाते, आरसी बुक मात्र कपाटात राहतं. वीस वर्षांनी कुणीतरी ते बुक विकत घेतो आणि मग त्याच्या मापाची गाडी शोधतो किंवा उभी करतो. आधी जन्मदाखला, मग मूल.

परदेशातले लोक यात आपल्यापेक्षा सज्जन आहेत असं नाही. अमेरिकेत कॅरोल शेल्बी या नामांकित मोटारी बनवणाऱ्यानं १९६५च्या शिल्लक चौकटींवर आपल्या कोब्रा मोटारी पुऱ्या करतोय असं सांगितलं. त्या चौकटी ताज्या होत्या, हे १९९३मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सनं उघड केलं. म्हणजे बापानंच मुलांची वयं वाढवून सांगितली. मला मात्र त्याहून लंडनचा खटला जवळचा वाटतो. १९२९ आणि १९३०ची ल मान्सची शर्यत जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन', एक कोटी पौंडांना ठरली आणि गिऱ्हाइकानं ऐनवेळी हात काढला: ही ती गाडीच नव्हे. १९९०मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढं हिशेब झाला, तेव्हा १९३०च्या गाडीतलं पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचं कवच आणि स्टिअरिंगचा दांडा एवढंच शाबूत निघालं. तरी न्यायमूर्ती म्हणाले, ही अस्सल. सुटे भाग बदलत गेले, पण गाडीचा इतिहास कुठं तुटला नाही आणि त्याच नावावर दुसरी कुणी उभी राहिली नाही. आपल्याकडं देवळाचे दगड बदलले तरी देऊळ तेच राहतं, त्यातलाच हा न्याय.

नक्कल कुणाची, हा वाद तर खुद्द कारखानदारांतही लागला. महिंद्राच्या रॉक्सर या गाडीनं जीपचं रूप चोरलं, अशी तक्रार जीपची मालक असलेल्या फियाट क्रायस्लरनं २०१८मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढं केली आणि २०२०मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. महिंद्राला नंतर रूप बदलावं लागलं. परवान्यानं जीप बनवायला लागलेल्याची ही कथा, आणि दुसरा पक्ष आपल्या रांजणगावात.

गोष्टींची बनवेगिरी याहून स्वस्त पडते. अमुक महाराजांनी रोल्स-रॉइसला झाडू बांधून कचरा ओढायला लावला, ही कथा अलवरची, भरतपूरची, हैदराबादची, पतियाळाची, सगळ्यांची सांगतात. आणि विकायला आलेली प्रत्येक गाडी राजाचीच असते, दिवाणजीची कधीच नसते. उलट कोल्हापूरची मेबॅक दरवर्षी शाही दसऱ्याला हजारोंच्या डोळ्यांपुढून जाते. तिला प्रमाणपत्र काय करायचं? साध्या गाड्याही यातून सुटत नाहीत: पद्मिनीची जाळी बदलून 'फियाट ११०० डिलाइट' करणारेही आहेत. डुक्कर फियाट ओळखणारी पिढी घरात असेल तर हे दोन मिनिटांत पकडलं जातं.

२०२१च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी गाडी, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं, नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. इथं माझी तक्रार आहे. पेट्रोल परवडेना म्हणून इंजिन काढून डिझेल टाकलेली, दोनदा पत्रा बदललेली, वापरून जगवलेली जीप या अटीत बसत नाही. ऑटन साहेबांनी तिला अस्सल म्हटलं असतं. ती नापास होते, म्हणून मालकाला न वापरलेली वाटेल अशी जीप तयार करण्याचा मोह पडतो. न वापरलेली जीप शिरूर-दौंडमध्ये असेल कशी? इथं वापर नसता तर जीप आलीच नसती.

तरीही कुणी जुनी जीप बघायला बोलावलं तर जा. टॉर्च आणि लोहचुंबक घ्या. पत्र्यात लांबी किती भरली आहे ते चुंबक सांगतं. रंगाकडं पाहू नका, पुढच्या चाकांच्या मधे उताणे झोपा आणि चासीचा पुढचा आडवा दांडा बघा. युद्धातल्या जीपेत तो गोल पाइप असेल तर चौकट विलिजची, उलट्या 'यू'च्या आकाराचा असेल तर फोर्डची. नंबर फोर्डचा आणि दांडा गोल निघाला, तर कपडे झटकून उठा, मालकाशी पावसापाण्याचं बोला, आणि गुऱ्हाळावर आलाच आहात तर गुळाची एक ढेप घेऊन घरी या.