हेमिबॅलिझम : मेंदूतील इजा आणि अवयवांच्या अनैच्छिक हालचाली

प्रस्तावना :
मेंदूला इजा झाली म्हणजे हातपाय लुळे पडतात, अशी समजूत सर्वसाधारणपणे रूढ आहे. पक्षाघाताच्या बहुसंख्य रुग्णांत तसेच घडते. परंतु काही थोड्या रुग्णांत याच्या नेमके उलट घडते. शरीराच्या एका बाजूचे हातपाय अचानक, जोराने आणि इच्छेविरुद्ध फेकले जाऊ लागतात. या अवस्थेस ‘हेमिबॅलिझम’ असे म्हणतात. ‘फेकणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले आहे. इजेमुळे हालचाल कमी होण्याऐवजी वाढते कशी आणि हा विकार वेळीच ओळखणे का आवश्यक आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

लक्षणे :
या विकारात हात खांद्यापासून व पाय जांघेपासून भिरकावला जातो. त्यामुळे घास तोंडापर्यंत नेणे कठीण होते, हातपाय भिंतीवर वा खाटेवर आदळून जखमा होतात आणि रुग्ण थकून जातो. मानसिक ताण वाढला की हालचाली वाढतात. झोपेत त्या सहसा थांबतात. रुग्ण बहुधा पूर्ण शुद्धीवर असतो, मात्र हालचाल रोखणे त्याच्या हाती नसते. झोपेत सर्व शांत होत असल्याने हे सोंग आहे, किंवा ‘अंगात आले’ आहे, असा गैरसमज होण्याचा संभव असतो.

संशोधनाचा मागोवा :
मेंदूच्या तळाशी खोलवर, थॅलॅमसच्या खाली, भिंगाच्या आकाराचा एक लहानसा पेशीपुंज असतो. फ्रेंच वैद्य ज्यूल बेर्नार ल्विस यांनी १८६५ मध्ये त्याचे वर्णन केले. आज तो ‘सबथॅलॅमिक केंद्रक’ या नावाने ओळखला जातो. या केंद्रकाची इजा व विरुद्ध बाजूच्या अवयवांची फेकाफेक यांचा संबंध ब्रिटिश चेतातज्ज्ञ जे. पर्डन मार्टिन यांनी १९२७ मध्ये विशद केला. पुढे व्हिटियर व मेटलर यांनी १९४९ मध्ये माकडांवरील प्रयोगांतून त्यास पुष्टी दिली.

कार्यकारणभाव :
थॅलॅमस हा हालचालींस चालना देणारे संदेश मेंदूच्या बाह्यस्तराकडे पाठवितो. ग्लोबस पॅलिडस या भागाचा आतील खंड थॅलॅमसवर सतत दाब ठेवतो आणि सबथॅलॅमिक केंद्रक या खंडास उत्तेजन देते. म्हणजेच हे केंद्रक अप्रत्यक्षपणे गाडीच्या ब्रेकसारखे काम करते. ते निकामी झाले की थॅलॅमसवरील दाब सैल पडतो आणि नको असलेल्या हालचाली मोकाट सुटतात. तथापि, सर्वच रुग्णांत इजा याच केंद्रकात आढळते असे नाही. या मंडलातील अन्य भागांच्या इजेनेही असा विकार होऊ शकतो.

या विवेचनाची दुसरी बाजू कंपवातात दिसते. तेथे हेच केंद्रक प्रमाणाबाहेर सक्रिय असते व हालचाली मंदावतात. कंपवातसदृश विकार निर्माण केलेल्या माकडांत हे केंद्रक नष्ट केल्यास लक्षणे कमी होतात, असे १९९० मध्ये दिसून आले. त्यानंतर या केंद्रकात विद्युताग्र बसवून कंपवातावर उपचार करण्याची पद्धत विकसित झाली.

कारणे व उपचार :
मेंदूतील रक्तपुरवठा खंडित होणे किंवा रक्तस्राव होणे, हे याचे प्रमुख कारण होय. दुसरे महत्त्वाचे कारण म्हणजे रक्तातील साखर अतिशय वाढणे. वृद्ध मधुमेही स्त्रियांत हा प्रकार विशेषत्वाने आढळतो. क्वचित मधुमेहाचे ते पहिलेच लक्षण असते. अशा वेळी साखर आटोक्यात आणल्यास हालचाली अनेकदा काही दिवसांत वा आठवड्यांत ओसरतात. एरवी हॅलोपेरिडॉल, टेट्राबेनाझिन यांसारखी औषधे उपयोगी पडतात. पूर्वी हा विकार प्राणघातक मानला जाई; आता मात्र बऱ्याच रुग्णांत कालांतराने सुधारणा होते.

समारोप :
अवयवांची अशी फेकाफेक हा मनाचा दोष वा दैवी कोप नसून मेंदूतील नियंत्रण ढळल्याचे ते चिन्ह आहे. एका बाजूचे हातपाय एकाएकी असे हलू लागल्यास रुग्णास पक्षाघाताच्या रुग्णाइतक्याच तातडीने रुग्णालयात नेणे, तेथे मेंदूच्या प्रतिमा-चाचणीबरोबर रक्तातील साखर तपासणे आणि तोवर जखमा टाळण्यासाठी अंथरुणाभोवती मऊ आधार ठेवणे आवश्यक आहे. जेथे कुटुंबीय प्रथम देवऋष्याकडे धाव घेतात, तेथे साखरेच्या एका साध्या तपासणीने बरा होऊ शकणारा रुग्णही उपचारावाचून राहतो. म्हणून या विकाराची माहिती समाजात पोहोचणे अगत्याचे आहे.