परसातले दुसरे घर: जागेवर बांधावे की कारखान्यातून आणावे?

कॅलिफोर्नियात ज्या भूखंडावर एका कुटुंबाचे घर आहे, त्याच भूखंडावर स्वतंत्र स्वयंपाकघर, स्नानगृह आणि प्रवेशद्वार असलेले दुसरे छोटे घर उभारता येते. कायद्यात त्याला ‘ॲक्सेसरी ड्वेलिंग युनिट’ आणि बोलण्यात ‘एडीयू’ असे नाव आहे. २०१६ मध्ये संमत झालेल्या आणि २०१९ मध्ये आणखी सैल करण्यात आलेल्या राज्याच्या कायद्यांमुळे अशा घराला परवानगी नाकारणे नगरपालिकांना अवघड झाले, आणि ८०० चौरस फुटांपर्यंतचे परसघर बाजूच्या व मागच्या हद्दीपासून ४ फूट आत असेल, तर भूखंडाचा किती भाग बांधकामाखाली असावा यांसारख्या स्थानिक मर्यादा पुढे करून ते अडवता येत नाही. त्यानंतर हा विषय सर्वसामान्य घरमालकाच्या आवाक्यात आला. फ्रीमाँट किंवा सनीव्हेलमधल्या मराठी कुटुंबांतही, भारतातून येऊन काही महिने राहणाऱ्या आईवडिलांची सोय म्हणून तो निघतो. कारखान्यात तयार केलेले, म्हणजे प्रीफॅब, घर स्वस्त आणि झटपट, पण तकलादू, तर जागेवर बांधलेले घर महाग आणि वेळखाऊ, पण पक्के, अशी विभागणी बहुतेकांच्या मनात आधीच ठरलेली असते. ही विभागणी दोन्ही बाजूंनी चुकीची आहे, कारण ती केवळ घराच्या सांगाड्याचा विचार करते आणि तो सांगाडा ज्या जमिनीवर बसायचा, तिचा विचार करत नाही.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज असा की, प्रीफॅब हा घराचा एकच प्रकार आहे. प्रत्यक्षात या नावाखाली कायद्याच्या दृष्टीने अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. काही उत्पादक भिंतींचे आणि छताचे केवळ तक्ते तयार करून पाठवतात व उभारणी जागेवरच होते. काही जण तारा, नळ, फरशी आणि कपाटांसह पूर्ण झालेले खोलीवजा खंड पाठवतात. यांना मॉड्यूलर घरे म्हणतात. ती कॅलिफोर्नियात ‘फॅक्टरी-बिल्ट हाउसिंग’ या वर्गात मोडतात आणि जागेवरच्या बांधकामाला लागू असलेली राज्याची इमारत-संहिताच त्यांनाही लागू असते. तिसरा वर्ग ‘मॅन्युफॅक्चर्ड होम’चा आहे: हे घर कायमच्या पोलादी सांगाड्यावर बांधलेले असते आणि त्याला राज्याची नव्हे, तर १५ जून १९७६ पासून अमलात आलेली केंद्रीय संहिता लागू होते, ज्याची खूण म्हणून प्रत्येक खंडाच्या बाहेरच्या बाजूला लाल रंगाची धातूची पट्टी ठोकलेली असते. चाकांवरचे ‘टायनी होम’ हे तर नोंदणीच्या दृष्टीने वाहन असते. काही शहरे त्याला आपल्या नियमांनुसार परवानगी देतात, परंतु राज्याच्या कायद्याने परसघराला दिलेले हक्क त्याला आपोआप मिळत नाहीत. हा फरक केवळ कागदोपत्री नाही, कारण गृहकर्जाच्या बाजारात वजन असलेली ‘फॅनी मे’ ही संस्था मॉड्यूलर घराला जागेवर बांधलेल्या घरासारखेच धरते, तर मॅन्युफॅक्चर्ड होमसाठी तिचे नियम वेगळे आहेत. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, तर घर कोणत्या संहितेखाली बांधले जाते हा विचारला पाहिजे.

मजबुतीविषयीची शंका यावरूनच बरीचशी मिटते. भूकंपप्रवण कॅलिफोर्नियासाठी ठरवलेले निकष मॉड्यूलर घरालाही पूर्णपणे लागू असतात. शिवाय महामार्गावरचा प्रवास आणि क्रेनची उचल सोसायची असल्यामुळे त्याच्या सांगाड्यात आणि जोडणीत अनेकदा अधिक लाकूड घातलेले असते. कच्चा दुवा असलाच तर तो खंड एकमेकांना आणि पायाला जोडले जातात त्या सांध्यांत असतो, आणि ते काम कारखान्यात नव्हे, तर जागेवर होते.

परवानगीच्या बाबतीतला समज असा की, कारखान्याचे घर आधीच मंजूर असते, त्यामुळे नगरपालिकेचा संबंध उरत नाही. यात अर्धे तथ्य आहे. घराच्या आतल्या रचनेची तपासणी राज्याच्या गृहनिर्माण खात्याने मान्यता दिलेल्या संस्था कारखान्यातच करतात आणि तिथे लागलेले राज्याचे चिन्ह नगरपालिकेने ग्राह्य धरावे लागते. मात्र पाया, हद्दीपासूनचे अंतर, सांडपाण्याची जोडणी, वीज आणि पाणी यांचे आराखडे नगरपालिकेकडेच जातात. परिपूर्ण अर्जावर तिने ६० दिवसांत निर्णय द्यायचा असतो, आणि ही मुदत दोन्ही पद्धतींना सारखीच आहे. शिवाय १ जानेवारी २०२५ पर्यंत पूर्वमंजूर आराखड्यांची योजना सुरू करणे शहरांना कायद्याने बंधनकारक झाले असून, अशा आराखड्यानुसार बांधायच्या स्वतंत्र परसघराच्या अर्जावर ३० दिवसांत निर्णय अपेक्षित आहे. ही सवलत जागेवर बांधणाऱ्यालाही मिळते, त्यामुळे वेगवान परवानगी ही आता कारखान्याची मक्तेदारी राहिलेली नाही.

खर्चाचा प्रश्न अधिक सविस्तर पाहावा लागतो, कारण फसगत होते ती इथेच. प्रीफॅब घराची जाहिरातीतली किंमत बहुधा कारखान्याच्या दारापर्यंतची असते. तिच्यात जमिनीची पाहणी, पाया, रस्त्यापासून परसापर्यंत खणायचे चर, मुख्य सांडपाणी वाहिनीला जोड, जुन्या घराचा १०० अँपिअरचा वीजफलक बदलून २०० अँपिअरचा बसवणे, उताराच्या जमिनीवर लागणारी धारक भिंत, यांपैकी काहीही धरलेले नसते. आणि ही सर्व कामे जागेवर बांधणाऱ्यालाही तेवढीच करावी लागतात, म्हणजे कारखान्यामुळे त्यांत बचत होत नाही. उलट काही खर्च केवळ प्रीफॅबच्याच वाट्याला येतात. साडेआठ फुटांपेक्षा रुंद माल राज्याच्या महामार्गावरून न्यायचा, तर वाहतूक विभागाचा विशेष परवाना लागतो, आणि मॉड्यूलर खंड सहसा याहून बरेच रुंद असतात; खंड परसात नेण्याएवढी वाट घराच्या बाजूने नसेल, तर क्रेनने तो मूळ घरावरून उचलून न्यावा लागतो; आणि वर विजेच्या तारा, मोठे झाड किंवा अरुंद वळणाचा रस्ता असेल, तर तेही अशक्य होते. ओकलंडच्या टेकड्यांवरच्या चिंचोळ्या, वळणावळणाच्या गल्ल्यांत हा अडथळा खराखुरा आहे. सपाट भूखंड, रुंद बाजू आणि मोकळे आकाश असेल, तर प्रीफॅबची किंमत खरोखर कमी पडू शकते. अन्यथा खांद्यावरून साहित्य वाहून नेणारे सुतार अधिक स्वस्त ठरतात. मूळ गॅरेज चांगल्या स्थितीत असेल, तर त्याचेच घरात रूपांतर करणे हा तिसरा पर्यायही या तुलनेत हटकून विसरला जातो.

वेळेची बचत मात्र खरी आहे आणि तिचे कारण सोपे आहे: इकडे पाया घातला जात असताना तिकडे कारखान्यात घर तयार होत असते, आणि पावसाने काम थांबत नाही. शेजाऱ्यांना सोसावा लागणारा गोंगाटही त्यामुळे महिन्यांऐवजी काही आठवड्यांवर येतो. तथापि या वेगाची एक आर्थिक बाजू आहे, जिच्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. जागेवरच्या बांधकामात पैसे टप्प्याटप्प्याने दिले जातात आणि प्रत्येक टप्प्याला काहीतरी मालकाच्याच जमिनीवर उभे असते; कारखान्याला मात्र घर परसात येण्याआधीच मोठी रक्कम हवी असते, तर बँकेचे बांधकाम-कर्ज साधारणतः जागेवर दिसणाऱ्या प्रगतीनुसार सुटते. मधल्या काळात कारखानाच बंद पडला तर काय, हा प्रश्न काल्पनिक नाही: मोठ्या भांडवलावर उभी राहिलेली, कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्कची ‘कटेरा’ ही बांधकाम कंपनी जून २०२१ मध्ये दिवाळखोरीत गेली. रक्कम एस्क्रो खात्यात, म्हणजे अट पूर्ण होईपर्यंत त्रयस्थाकडे, राहील आणि अर्धवट घराची मालकी कोणाकडे असेल, हे करारात स्पष्ट लिहून घेणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

वृद्धांसाठी घर बांधताना सर्वांत कमी चर्चिली जाणारी बाब म्हणजे जमिनीपासून तळाची उंची. प्रीफॅब घर सहसा लाकडी तुळयांच्या तळावर येते आणि त्याखाली दुरुस्तीसाठी सरपटत शिरता येईल एवढी पोकळी ठेवावी लागते, त्यामुळे आतली जमीन बाहेरच्या अंगणापेक्षा सुमारे अडीच फूट उंच राहते. गुडघेदुखी असलेल्या आईला चार पायऱ्या चढाव्या लागू नयेत म्हणून उतरती वाट करायची, तर प्रत्येक १ इंच उंचीला १२ इंच लांबी या प्रचलित प्रमाणाने ती ३० फूट लांब होते, आणि एवढी जागा लहान परसात नसते. जागेवर काँक्रीटचा सपाट तळ ओतून बांधलेल्या घरात उंबरठा जवळजवळ अंगणाच्या पातळीला आणता येतो. प्रीफॅबमध्येही खड्डा घेऊन पाया खाली नेता येतो, पण मग पाण्याच्या निचऱ्याची व्यवस्था करावी लागते आणि खर्च पुन्हा वाढतो. आईवडिलांच्या सोयीसाठी हे सारे चालले असेल, तर आकर्षक खिडक्यांपेक्षा हा तपशील आधी पाहिला गेला पाहिजे.

कारखान्यातून आलेले घर पुढे उचलून दुसरीकडे नेता येईल आणि तोपर्यंत त्यावर मालमत्ता कर लागणार नाही, अशीही एक समजूत आढळते. कायमच्या पायावर बसवलेले घर हे, ते कुठेही तयार झालेले असो, स्थावर मालमत्तेचा भाग बनते. मॅन्युफॅक्चर्ड होमच्या बाबतीत तशी नोंद काउंटीच्या दप्तरात केली जाते. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ या घटनादुरुस्तीमुळे मूळ घराचे जुने करमूल्य तसेच राहते आणि केवळ नव्या बांधकामाचे मूल्य त्यात मिळवले जाते, हा नियम दोन्ही पद्धतींना एकसारखाच लागू आहे. सौरऊर्जेच्या अटीत मात्र फरक आहे: नव्याने बांधलेल्या स्वतंत्र परसघरावर सौरपट्ट्या बसवणे राज्याच्या ऊर्जा-नियमांनुसार २०२० पासून आवश्यक असून मॉड्यूलर घराचीही त्यातून सुटका नाही, परंतु केंद्रीय संहितेखालच्या मॅन्युफॅक्चर्ड होमला ती अट लागू होत नाही, आणि दोन दरपत्रकांतला फरक काही वेळा केवळ एवढ्यामुळेच पडलेला असतो.