टॅरोचं पुस्तक निवडताना

मागच्या व्याख्यानानंतर हसनाबादच्याच एका मुलीनं विचारलं, "सर, टॅरो शिकायला पुस्तक कुठलं घेऊ?" एका पत्त्यावरून तिच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. म्हणून या प्रश्नाला हसू नका.

पुस्तकात आधी इतिहासाचं प्रकरण बघा. टॅरो प्राचीन इजिप्तचं, असं ठासून लिहिलं असेल तर पुस्तक खाली ठेवा. हे पत्ते पंधराव्या शतकात इटलीत खेळायला निघाले. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफासारखेच. इजिप्तची कथा पॅरिसमध्ये १७८१ साली छापली गेली. तिथली चित्रलिपी तेव्हा कुणाला वाचताच येत नव्हती! मायकेल डमेट या ऑक्सफर्डच्या तत्त्वज्ञानं १९८० च्या ग्रंथात खरा इतिहास मांडला.

मग चित्रं. पत्ते ७८, २२ मोठे, ५६ छोटे. १९०९ च्या संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी छोट्या पत्त्यांवरही प्रसंग रंगवले. नवशिक्याला तोच सोपा. पुस्तक आणि संच एकाच पद्धतीचे हवेत.

शेवटची कसोटी 'मृत्यू' या तेराव्या पत्त्याची. ते पान उघडा. "घरात कुणी जाणार" असं लिहिलंय, की "आयुष्यात काय संपत आलंय, विचार करा" असं? दुसरं पुस्तक घ्या. ते भविष्य सांगत नाही, विचार करायला लावतं.

त्या बहिणीच्या वेळी हाच पत्ता निघाला होता. पत्ता तोच, वाचणाऱ्यानं चुकीचं पुस्तक वाचलेलं. आणि लग्नाचा, कर्जाचा, औषधाचा निर्णय? तो कुठल्याच पुस्तकातल्या पत्त्यावर सोडू नका.