सर्व्हिसिंग साडेपाच हजारांत होणार होतं, मग बिल दहा हजारांच्या घरात कसं गेलं?

मागच्या महिन्यात पप्पा गाडी सर्व्हिसिंगला टाकून आले. साधी पेट्रोल हॅचबॅक, चार वर्षं जुनी. सकाळी काउंटरवरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरने सांगितलं, "काका, साडेपाच हजारांत होऊन जाईल." संध्याकाळी बिल आलं ९,८६६ रुपयांचं. पप्पांनी गपचूप कार्ड काढलं, पैसे भरले आणि घरी आले.

विचारलं का नाही, म्हटलं तर म्हणाले, "अगं, सकाळी सही मीच केली होती. आणि आपल्याला त्यातलं काय कळतं?"

हा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांचा आहे. म्हणून ते बिल घेऊन बसले आणि गाडीसोबत मिळालेलं मॅन्युअल शेजारी उघडलं. तेव्हा लक्षात आलं, की सर्व्हिसिंगचं कुठलंही बिल तीन भागांत वाचता येतं.

१. ठरलेलं काम

प्रत्येक गाडीच्या मॅन्युअलमध्ये मेंटेनन्सचा तक्ता असतो. किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय बदलायचं, काय फक्त तपासायचं, हे त्यात लिहिलेलं असतं. बऱ्याच पेट्रोल गाड्यांना दर १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग लागतं. त्यात इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलतात. एअर फिल्टर साफ करतात, ब्रेक, बॅटरी, टायर तपासतात.

छोट्या हॅचबॅकला साधारण ३ ते साडेतीन लिटर ऑइल लागतं. ते साधं आहे की सिंथेटिक, यावर बिल बरंच हलतं. कोणत्या ग्रेडचं ऑइल लागतं तेही मॅन्युअलमध्येच असतं. त्यापेक्षा महागडं घातलं म्हणून गाडी विमानासारखी पळत नाही.

नवीन गाडीच्या 'फ्री सर्व्हिस'मध्येही बिल येतं, कारण फ्री असते ती फक्त मजुरी. ऑइल, फिल्टरचे पैसे आपणच भरतो.

२. झीज झालेले पार्ट्स

ब्रेक पॅड, वायपर, टायर, बॅटरी या गोष्टी वापराप्रमाणे झिजतात. त्या बदलाव्या लागल्या की त्या वर्षीचं बिल वाढणारच. स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल यांचंही तसंच. ते दरवर्षी लागत नाहीत, पण तक्त्यात त्यांचा नंबर आला की टाळू नका.

विशेषतः ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. मग ब्रेक जास्त तापले, की त्यात वाफ धरते आणि पेडल दाबूनही ब्रेक नीट लागत नाही. पसरणी घाट उतरताना हे कळण्यापेक्षा आधी पैसे गेलेले बरे.

३. विकलेलं काम

पप्पांचं बिल फुगलं ते इथे. इंटिरियर क्लीनिंग १,४०० रुपये, एसी डिसइन्फेक्शन ९००, इंजिन डीकार्बनायझिंग ८०० आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग ६००. एकूण ३,७००. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला, की झाले ४,३६६. सकाळचे साडेपाच हजार आणि हे मिळून बरोबर ९,८६६.

यातलं एकही काम मॅन्युअलच्या तक्त्यात नव्हतं. ही कामं फसवणूकच असतात असं नाही. गाडी उभी असताना इंजिन अडखळत असेल तर थ्रॉटल बॉडी साफ करणं योग्यच. पण पप्पांच्या गाडीला तसली काही तक्रारच नव्हती. जॉब कार्डवर या चार ओळी सकाळीच लिहिलेल्या होत्या, त्यांच्यापुढे रक्कम मात्र नव्हती. सही त्याच कागदावर झाली.

जीएसटी आणि स्पेअर पार्ट्सचं काय?

२२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या पार्ट्सवर १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी बऱ्याच पार्ट्सवर तो २८ टक्के होता. मजुरीवर १८ टक्के आधीपासूनच आहे. त्यामुळे बिलात पार्ट्सवर अजून २८ टक्के दिसले, तर तिथेच थांबवून विचारा.

पार्ट्सच्या किमतीचं भांडण जुनं आहे. कंपन्या ओरिजिनल पार्ट्स आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत, असं म्हणत भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरोधात अपिलात गेल्या. थोडक्यात, पार्ट महाग का, हा प्रश्न विचारणारे फक्त आपले पप्पा नाहीत.

मग गाडी टाकताना काय करायचं?

मॅन्युअलमधल्या तक्त्याचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. जॉब कार्डवर सही करण्याआधी प्रत्येक ओळीपुढे रक्कम लिहून घ्या आणि विचारा, "हे तक्त्यात आहे का? नसेल तर गाडीत काय बिघाड दिसला?" नको असलेली ओळ खोडायला लावा. नंतर काही वाढलं तर आधी फोन करा, असं कार्डवरच लिहा. बदललेले जुने पार्ट्स परत मागा. वॉरंटी चालू असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद आणि बिल जपून ठेवा. वॉरंटी संपल्यावर ओळखीच्या चांगल्या गॅरेजचा भावही काढून बघा.

तरीही न सांगता केलेल्या कामाचे पैसे लावले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार करता येते.

पप्पांचे ४,३६६ रुपये काही परत आले नाहीत, सही त्यांचीच होती. पण ते मॅन्युअल आता कपाटातून निघून गाडीच्या डॅशबोर्डच्या खणात गेलंय. आणि १०,००० किलोमीटरच्या पानावर पप्पांनी पेनाने बरोबरची खूण केलीये.