ऑपेरा हाऊस बघायला जाताय? मग वही घेऊन जा

पीएचडीच्या तयारीत असलेले विद्यार्थी मला हमखास विचारतात, "विषय तर सुचलाय, पण सुरुवात कुठून करू?" माझं उत्तर आता ठरलेलं आहे. ग्रंथालयात बसण्याआधी एकदा जागेवर जाऊन या. प्रवासी म्हणून जा, पण वही घेऊन.

उदाहरण म्हणून मुंबईचं रॉयल ऑपेरा हाऊस घेऊ. चर्नी रोड स्टेशनला उतरा आणि चालत निघा. वाटेत कुणालाही विचारा, "ऑपेरा हाऊस कुठे?" कुणी इमारत दाखवेल, कुणी हिऱ्यांचा बाजार, तर कुणी म्हणेल, "हे सगळं ऑपेरा हाऊसच की!" इमारतीचं नाव अख्ख्या परिसराला चिकटलंय. झाली तुमची पहिली नोंद.

१. तारीख, पण कशाची?

माझ्या पहिल्याच सादरीकरणात मी बिनधास्त लिहिलं होतं, 'ही इमारत १९११ची'. समितीतल्या एका बाईंनी शांतपणे विचारलं, "म्हणजे १९११ साली नेमकं काय झालं?" मी गप्प.

झालं होतं असं. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालं, तेव्हा बांधकाम चालूच होतं. इमारत पूर्ण झाली १९१२ मध्ये, आणि त्यानंतरही १९१५पर्यंत तिच्यात भर पडत राहिली. तिन्ही वर्षं बरोबरच आहेत, फक्त ती वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. तेव्हापासून मी एक नियम पाळते: वर्ष लिहिलं की त्याच्यापुढे क्रियापद लिहायचं. उद्घाटन झालं, पूर्ण झालं, विकलं गेलं, बंद पडलं. क्रियापद सापडत नसेल, तर ते वर्ष आपल्याला अजून कळलेलं नाही.

२. 'एकमेव' हा शब्द दिसला की थांबा

'भारतात टिकून राहिलेलं एकमेव ऑपेरा हाऊस' असं तुम्ही या वास्तूबद्दल वाचाल. वाक्य छान आहे, पण 'ऑपेरा हाऊस' कशाला म्हणायचं? नावावरून, रचनेवरून, की तिथे काय चालायचं त्यावरून?

हे थिएटर उभं केलं ते नाटक कंपन्यांचे दौरे काढणारे मॉरिस बँडमन आणि कोळशाच्या दलालीतले जहांगीर फ्रामजी कराका यांनी. पुढे याच रंगमंचावर बालगंधर्व आणि दीनानाथ मंगेशकर गायले, पृथ्वीराज कपूर यांची नाटकं झाली. मग सिनेमा आला आणि कित्येक दशकं हे चित्रपटगृहच होतं. १९५२ मध्ये ते गोंडलच्या महाराजांनी विकत घेतलं. म्हणजे या 'ऑपेरा हाऊस'च्या आयुष्यात ऑपेरापेक्षा बाकीच्याच गोष्टी जास्त. तुमच्या प्रबंधातल्या प्रत्येक मोठ्या शब्दाला हाच प्रश्न विचारा: ही व्याख्या कोणाची, आणि तिच्यात काय बसत नाही?

३. जे दिसत नाही, तेही लिहा

१९९३ मध्ये हे थिएटर बंद पडलं. वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार झाला आणि २०१६ मध्ये ते पुन्हा उघडलं. २०१७ मध्ये या कामाला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक पुरस्कारही मिळाला. आत गेलात की मान वर करून घुमट जरूर बघा. त्याचे आठ भाग कवी, कादंबरीकार आणि नाटककारांना अर्पण केलेले आहेत.

पण जीर्णोद्धार म्हणजे निवड असते. कोणत्या काळातली वास्तू परत आणायची हे कुणीतरी ठरवतं. इथे सुरुवातीच्या काळाचं वैभव परत आलं. मग तिकीट काढून पिक्चर बघणाऱ्यांचा काळ कुठे शोधायचा?

तो माणसांकडे असतो. गिरगावात मला एक आजोबा भेटले होते. तरुणपणी तिथे पाहिलेले पिक्चर, मध्यंतरातली गर्दी, कोण कुठे बसायचं, सगळं घडाघडा सांगत होते. मी म्हटलं, "आजोबा, दिवाळीनंतर रेकॉर्डर घेऊन येते, मग निवांत बोलू." परीक्षा होती, अहवाल द्यायचा होता. मी गेले ती थेट फेब्रुवारीत. दार सूनबाईंनी उघडलं. आजोबा डिसेंबरातच गेले होते. माझ्या प्रबंधात त्या जागी आज एक परिच्छेद कमी आहे, आणि तो कुठल्याच दप्तरात मिळणार नाही.

आता तुम्ही करून बघा

हे चालू थिएटर आहे, त्यामुळे एखाद्या कार्यक्रमाचं तिकीट काढूनच जा. अर्धा तास आधी पोहोचा. फोटो काढायचे असतील तर आधी परवानगी विचारा. बाहेर आल्यावर वहीत तीन रकाने आखा: पाहिलं, ऐकलं, वाटलं. एकाचा मजकूर दुसऱ्यात जाऊ देऊ नका. नव्या संशोधकांचा निम्मा गोंधळ तिथेच होतो.

तुमचा विषय ऑपेरा हाऊसचा नसेल, तरी तुमच्या गावात एखादं जुनं नाट्यगृह, गिरणी किंवा टुरिंग टॉकीज असेलच. तिथे जा. आणि कुणी आजी-आजोबा बोलायला तयार असतील, तर फोनचं रेकॉर्डिंग त्यांना विचारून त्याच दिवशी सुरू करा. कागदपत्रं पुढच्या महिन्यातही बघता येतील.