जुन्या गाड्या, आजचे रस्ते (भाग ५) : लोखंड टिकते, रबर टिकत नाही

वर्षानुवर्षे शेडमध्ये उभी असलेली पिकअप ताब्यात आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : चालू होते का? मग कुठून तरी बॅटरी येते, कार्बोरेटरच्या तोंडात थोडे पेट्रोल ओतले जाते, आणि इंजिन दोनदा खोकून धूर सोडू लागले की जमलेल्या मंडळींना निम्मे काम झाल्यासारखे वाटते. जाहिरातीत ‘रनिंग कंडिशन’ लिहायला एवढे पुरतेही. मागच्या भागात आपण कागदपत्रे आणि खरेदी पाहिली. आता हात काळे करायची वेळ आली आहे, आणि माझे म्हणणे असे की सुरुवात इंजिनापासून करणे म्हणजे उलट्या टोकाने सुरुवात करणे. उभ्या राहिलेल्या गाडीत सर्वांत कमी बिघडलेली वस्तू बहुतेक वेळा इंजिनच असते. बिघडतात ते ब्रेक, टायर, होस, वायरिंग. थोडक्यात, जिथे रबर, कापड, कॉर्क किंवा साठून राहिलेला द्रव आहे ते सगळे. कामाचा क्रम आपल्या उत्सुकतेने ठरवायचा नसतो, झिजेच्या क्रमाने ठरवायचा असतो.

उदाहरणासाठी शेव्हरोलेची ३१०० ही अर्धा टनी पिकअप घेऊ. १९४७ च्या उन्हाळ्यात ती अमेरिकेत बाजारात आली आणि लहानसहान बदल होत १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली. शेव्हरोले हे नाव आपल्याला परके नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. बाहेरून आलेले सुटे भाग जोडून मोटारी आणि ट्रक तिथून बाहेर पडत, ते १९५४ मध्ये कारखाना बंद होईपर्यंत. १९४८ मध्ये आपली एसटी धावू लागली तेव्हा तिच्या सुरुवातीच्या ताफ्यात बेडफर्ड, फोर्डसोबत शेव्हरोलेही होत्या. पण ३१०० निवडण्याचे खरे कारण वेगळे आहे. या गाडीत लपवलेले काही नाही. बॉनेट उघडले की जमीन दिसते, प्रत्येक नट-बोल्टपर्यंत पाना पोहोचतो, त्यामुळे काळाने काय खाल्ले आणि काय सोडले हे तिच्यात स्वच्छ वाचता येते.

आधी जे टिकते त्याकडे पाहू. ३१०० चे मूळ इंजिन २१६ घनइंचांचे, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचे. एका रांगेत सहा सिलिंडर आणि अश्वशक्ती अवघी ९०. कॉम्प्रेशन साडेसहास एकच्या आसपास, आजच्या पेट्रोल गाडीच्या तुलनेत बरेच कमी. जाड बिडाचा ब्लॉक, पॉइंट-कंडेन्सरचे इग्निशन, इलेक्ट्रॉनिक्स शून्य. अशा यंत्राला हवा, पेट्रोल आणि वेळेवर ठिणगी मिळाली की ते मागचे फारसे उकरून काढत नाही. जाम झालेले इंजिन म्हटले की लोक घाबरतात, पण बरेचदा आत एवढेच घडलेले असते की रिंगांनी बोअरला गंजाने चिकटून घेतले आहे. प्लग काढून सिलिंडरमध्ये पातळ तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग हाताने अलगद मागेपुढे करत सोडवावे. दुसऱ्या गाडीने ओढून गिअरमध्ये टाकण्याची घाई केली की रिंगा तुटल्याच म्हणून समजा. या इंजिनाची एक दुखरी जागा मात्र आहे. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगा व्हाइट मेटल ओतून केलेल्या आहेत, आणि त्यांना तेल मिळते ते रॉडच्या टोकाला असलेल्या पळीने खालच्या पन्हाळीतले तेल उचलून. प्रेशरचा काटा आजच्या गाडीच्या मानाने खूपच खाली राहतो आणि तो तसाच राहायचा असतो. ते पाहून जास्त दाबाचा पंप बसवण्याच्या भानगडीत पडू नये. पण ही दुखरी जागा दुखते ती इंजिन फार पळवल्याने. नुसते उभे राहिल्याने तिचे फारसे वाईट होत नाही.

ब्रेकचे नेमके उलट आहे; तो वापराने जेवढा खराब होतो त्याहून जास्त पडून राहिल्याने होतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीचे नवे कोरडे ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये अशी अट आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० वर येते. पण उकळणे ही चालत्या गाडीची गोष्ट. उभ्या गाडीत हे पाणी मास्टर सिलिंडरला आणि चारही व्हील सिलिंडरना आतून गंजवते, आणि गुळगुळीत बोअरला सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. त्याच बोअरमध्ये रबरी कप वर्षानुवर्षे एकाच जागी बसून कडक झालेले असतात. आता अंगणात उभे राहून पेडल दाबा. कप आपल्या जुन्या जागेच्या आसपास थोडा सरकतो, पेडल कडक लागते, ‘ब्रेक ठीक आहेत’ असा शेरा मिळतो. रस्त्यावर जोरात ब्रेक मारायची वेळ आली की तोच कप पहिल्यांदा खड्ड्यांच्या पट्ट्यावरून जातो, त्याची कड फाटते, आणि पेडल फळीला जाऊन टेकते. या गाडीत मास्टर सिलिंडर एक आणि मार्गही एकच. चारपैकी कुठल्याही एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचे ब्रेक गेले. अमेरिकेत मोटारींना दोन स्वतंत्र मार्गांचे ब्रेक सक्तीचे झाले ते १९६८ मध्ये. ३१०० त्याच्या कितीतरी आधीची.

म्हणून या कामात ‘बघू, चालतंय का’ याला जागा नाही. मास्टर सिलिंडर कॅबच्या फळीखाली आहे; तो उतरवावा, चारही ड्रम काढावेत, सगळे सिलिंडर खोलावेत. खड्डे वरवरचे असतील तर होनिंगने भागते, खोल असतील तर लेथवर बोअर वाढवून आत पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवावी लागते. रबरी होस बाहेरून धडधाकट दिसला तरी बदलावाच, कारण तो आतून फुगतो : पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जाते, पण परत यायला वाट उरत नाही, आणि ब्रेक लागलेला तो लागलेलाच राहतो. धातूच्या नळ्या नव्या करताना स्टीलची किंवा तांबे-निकेलची ब्रेकची नळीच वापरावी. एसीवाल्याकडची तांब्याची नळी वाकवायला सोपी म्हणून कुणी सुचवली तर हात जोडावेत. आणि एक गोष्ट ड्रम उघडण्याच्या आधीची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, त्यामुळे आतली धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि तोंडावर चांगला मास्क ठेवायचा. गॅरेजमध्ये हा नियम सर्रास मोडला जातो. खरेदी करणाऱ्याने आणखी एक पाहावे : १९५० पर्यंतच्या ३१०० ला हक पद्धतीचे ब्रेक आहेत, १९५१ पासून बेंडिक्स. हकचे सुटे भाग मिळवणे त्रासाचे, हे किंमत ठरवतानाच लक्षात घेतलेले बरे.

बाकीच्या मऊ भागांवर एवढा वेळ घालवायची गरज नाही, पण टाळताही येत नाहीत. टायरवर नक्षी खोल असणे म्हणजे काहीच नाही. रबर वयाने मरते, आणि ते वय कडेला लिहिलेले असते. २००० सालापासूनच्या टायरवर चार आकडी कोड आहे, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. कोड तीनच आकडी असेल तर तो टायर गेल्या शतकातला, मग त्याची नक्षी कितीही नवी असो. वायरिंगवरचे कापड बोटाने चुरडले तर पूर्ण हार्नेस बदलावा. ही गाडी ६ व्होल्टची आहे. त्याच शक्तीसाठी करंट दुप्पट लागतो, म्हणून १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल बॅटरीला लावली की सेल्फ रडत फिरतो आणि दोष बिचाऱ्या सेल्फला दिला जातो. जाड केबल आणि घासून स्वच्छ केलेले अर्थिंग, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. पेट्रोलच्या टाकीकडे मात्र नीट बघावे, कारण १९४९ पासून ३१०० ची टाकी कॅबमध्ये, सीटच्या पाठीमागे आहे. तिचा जोड किंवा रबर झिरपू लागले तर पेट्रोलची वाफ चालकाच्या मानेशी जमते. त्यात आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल. ते ओल धरते, टाकीतला जुना चिकट थर सोडवून कार्बोरेटरच्या जेटपर्यंत पोहोचवते, आणि जुन्या रबराचे, कॉर्कचे गॅस्केट नरम करते. पंपाचा डायफ्रॅम आणि सगळ्या लवचिक नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात.

यावर पहिला आक्षेप खर्चाचा आहे, आणि तो रास्त आहे. इंजिनच निकामी निघाले तर ब्रेकवर घातलेले पैसे पाण्यात जाणार नाहीत का? जातील, म्हणून तपासणी आधी करावीच. पण तपासणी वेगळी आणि चालू करणे वेगळे. इंजिन हाताने पूर्ण फिरते का, तेलात पाणी आणि पाण्यात तेल उतरले आहे का, इग्निशन तोडून सेल्फवर फिरवले असता सहाही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकमेकांच्या जवळपास येते का, एवढे अर्ध्या दिवसात कळते आणि त्यासाठी एक ठिणगीही लागत नाही. इंजिन चालू करण्याचा धोका यांत्रिक नाही, माणसाच्या स्वभावातला आहे. एकदा ते घरघरू लागले की ‘जरा गल्लीच्या टोकापर्यंत’ नेऊन आणायला कुणीतरी तयार होतोच, आणि गल्लीच्या टोकाला थांबावे लागते.

दुसरा आक्षेप कोकणातून येईल : लोखंड टिकते हे तुम्हाला कुणी सांगितले? खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात पत्र्याची चाळण होते. खरे आहे. या गाडीचे कॅबचे मागचे कोपरे, पायाखालचा पत्रा आणि हौद्याच्या लाकडी फळ्यांखालच्या आडव्या पट्ट्या हमखास जातात. फरक इतकाच की गंज दिसतो. रंग फुगतो, स्क्रू-ड्रायव्हर टेकवला तर आत जातो. सिलिंडरच्या पोटातला खड्डा किंवा होसची आतली सूज असली काही सूचना देत नाही. एक अपवाद मी मान्य करतो : पाटे जिथे चॅसीला टांगलेले असतात तिथले लोखंड पापुद्र्यांनी सुटू लागले असेल, तर ब्रेकच्याही आधी चॅसी. तिथे वेल्डिंगची ठिगळे लावून रंग फासणारा मिस्त्री कितीही स्वस्त असला तरी नको.

तिसरा आक्षेप आजच्या तरुण हौशी मंडळींचा. एवढी यातायात कशाला, डिस्क ब्रेक, १२ व्होल्ट आणि एखादे आधुनिक डिझेल इंजिन टाकून मोकळे का होऊ नये? इथे कायदा मध्ये येतो. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांची तरतूद आली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेले, व्यावसायिक वापरात नसलेले वाहन तिच्यात बसते, पण चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, फेरनोंदणीला ५,००० रुपये, मुदत १० वर्षांची, आणि नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे. म्हणजे परक्या डिझेल इंजिनाने सोय होईल, पण व्हिंटेजचा दर्जा हातचा जाईल. पिकअपच्या बाबतीत आणखी एक मेख आहे : जुन्या कागदांवर ती मालवाहू म्हणून चढलेली असेल, तर वर्गाचा प्रश्न आरटीओत आधी सोडवून घ्यावा, पासिंगच्या दिवशी नव्हे. फेरबदलांपैकी दोन मार्गांचा मास्टर सिलिंडर मात्र मी जरूर बसवेन. तो फळीखाली दिसत नाही, इंजिनाला किंवा बॉडीला हात लावत नाही, आणि एक मार्ग फुटला तरी निदान दोन चाके थांबवतो. मूळ रूपाच्या शुद्धतेसाठी एवढेही नको म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद : असली गाडी रॅलीपुरती, सावकाश चालवायची, मग एवढे काटेकोर कशाला? व्हिंटेज नोंदणीवर रोजचा वापर चालत नाहीच. प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती एवढ्यापुरतीच मुभा आहे. पण रॅलीला जायचा रस्ता इतरांचाही आहे. पुढची गाडी एबीएसवाली असते, कारण २०१९ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचे आहे. तिने कचकन ब्रेक मारला तर मागे सुमारे दीड टनाची, चारही ड्रम ब्रेकची पिकअप असते. ब्रेक लागल्यापासून थांबायला लागणारे अंतर वेगाच्या वर्गाने वाढते : ४० वरून ८० वर गेलात तर दुप्पट नाही, चौपट. शिवाय पिकअपचे मागचे पाटे आणि ब्रेक मालाच्या हिशेबाने केलेले असतात. रिकाम्या हौद्याने ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की हलकी मागची चाके जाम होतात आणि शेपूट बाजूला जाते. सावकाश चालवणे चांगलेच, पण सावकाश चालवणाऱ्यालाही थांबावे लागते.

हे सगळे झाल्यावर इंजिन. जुने तेल काढून नवे भरावे, प्लग काढून ठेवून सेल्फवर फिरवावे म्हणजे भार न पडता तेल वरच्या रॉकरपर्यंत पोहोचते. जुन्या टाकीवर पहिल्या दिवशी विसंबू नये. छोट्या डब्यातून स्वच्छ पेट्रोल द्यावे. मंद गतीवर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावे, पाण्याचे तापमान पाहावे आणि खालच्या बाजूने रॉडचा ठोका येतो का ते ऐकावे. मग बंद करून तेच तेल गरम असतानाच पांढऱ्या भांड्यात उतरवावे. काळा गाळ येणारच, त्याची काळजी नको. तेलात चंदेरी कण चमकताना दिसले तर ते व्हाइट मेटल आहे, आणि संप उघडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बेअरिंग पुन्हा ओतून घ्यायची की शिम काढून भागवायचे, हे कसे ठरवायचे ते पुढच्या भागात.